सुईतून जाणारी खळ

(आपल्या ज्ञातिसंस्थेच्या पुणे येथील वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संस्थेच्या चिटणीसांनी या वर्षीच्या व्याख्यानासाठी मला पाचारण केले, तेव्हा विषयाची निवड त्यांनी माझ्यावरच सोपविली. मी मॅट्रिक होऊन शिक्षकी पेशात शिरलेला आणि सारा जन्म लहान मुलांकडून अक्षरे गिरवून घेण्यात घालविलेला मनुष्य. अशा माणसाने एखाद्या संतचरित्रावर अथवा मुलांवरील संस्कारांवर चार शब्द बोलावेत, ही आपली अपेक्षा स्वाभाविक आहे. परंतु निवृत्तीनंतर वाचनास सवड मिळाली आणि एका विषयाने माझे मन धरून ठेवले. आपल्या पुण्यात, पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, असे एक काम पुष्कळ वर्षे चालले आहे की ज्याचे नाते आपल्या विणकर पूर्वजांच्या धंद्याशीही लागते आणि आपल्या घरोघरी दुखणाऱ्या गुडघ्यांशीही लागते. त्या द्रव्याचे नाव हायड्रोजेल. ते सुईतून शरीरात घालावे, आत गेल्यावर ते घट्ट व्हावे आणि त्याच्या आधाराने झिजलेला किंवा तुटलेला भाग शरीराने स्वतःच पुन्हा उभा करावा, अशी ही विद्या आहे. मी शास्त्रज्ञ नव्हे. तथापि वाचून जे समजले ते शाळेतल्या पद्धतीने, घरातील वस्तूंची उदाहरणे घेऊन, आपल्यापुढे मांडतो.

प्रथम हायड्रोजेल म्हणजे काय ते पाहू. आपल्या वाडवडिलांच्या घरात सुताला खळ लावीत असत. थंड पाण्यात पीठ कालविले तर ते तळाशी बसते. तेच शिजविले की पाणी आणि पीठ एक होऊन दाट, पारदर्शक लापशी होते, आणि ती निवली की थरथरणारा गोळा होतो. त्या गोळ्यात पीठ किती असते? अगदी थोडे. बाकी सारे पाणीच. मग ते पाणी वाहून का जात नाही? कारण पिठातील लांबच लांब रेणू, ज्यांना इंग्रजीत पॉलिमर आणि आपल्या मराठी विश्वकोशात बहुवारिक म्हटले आहे, ते एकमेकांत अडकून जाळे तयार करतात आणि त्या जाळ्याच्या घरांत पाणी कोंडले जाते. सब्जाचे बी पाण्यात टाकले म्हणजे त्याच्याभोवती जो बुळबुळीत गोल चढतो तोही हायड्रोजेलच. चायनाग्रासची वडी हायड्रोजेलच. किंबहुना आपल्या डोळ्यातील बुबुळामागचा पारदर्शक गोळा आणि सांध्यातील हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत कूर्चा, हीदेखील निसर्गाने केलेली पाणीदार जाळीच आहेत. कूर्चेचा सुमारे तीन चतुर्थांश भाग पाणी असतो, हे वाचून मी चकित झालो. ज्याच्यावर आपण आयुष्यभर उठबस करतो ते एवढे पाण्याचे!

येथे एक शब्द आपल्या ज्ञातीच्या अभिमानाचा म्हणून सांगतो. शरीरातील एकाच प्रकारच्या पेशींच्या समूहाला इंग्रजीत टिश्यू म्हणतात. तो शब्द फ्रेंच भाषेतून आला आणि त्याचा मूळ अर्थ विणलेले वस्त्र. मराठीत त्याला ऊतक हा प्रतिशब्द केला, तोही विणणे या अर्थाच्या संस्कृत धातूपासूनच. ओतप्रोत हा शब्द आपण रोज वापरतो. त्यातही आडवे-उभे धाग्यांचेच चित्र आहे. म्हणजे देह हा विणलेला आहे ही कल्पना युरोपात आणि आपल्याकडे दोन्हीकडे माणसाला सुचली. आता प्रश्न असा की हे वस्त्र फाटले तर ते रफू करता येते का?

कातडी फाटली तर शरीर आपण होऊन रफू करते. हाड मोडले तर बहुधा सांधते. परंतु कूर्चेच्या बाबतीत शरीर हात टेकते. १७४३ मध्ये विल्यम हंटर या इंग्लंडमधील वैद्याने सांध्यांविषयीच्या आपल्या निबंधात लिहून ठेवले की कूर्चा एकदा नष्ट झाली की ती भरून येत नाही. आज पावणेतीनशेहून अधिक वर्षे झाली, तरी ते विधान पूर्णपणे खोटे ठरविता आलेले नाही. कारण असे आहे की कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत. रक्त नाही म्हणून दुरुस्तीचे साहित्य आणि कामगार तेथवर पोहोचतच नाहीत. ज्या थोड्या पेशी आत आहेत त्या आपापल्या कोठडीत बसून असतात. गुडघ्यावरील हा थर असतो तरी केवढा? अवघा दोन ते चार मिलिमीटर. तो झिजला की हाड हाडावर घासते, आणि मग जिना चढताना आपण कठड्याला हात घालतो.

आता कल्पना अशी निघाली की, तेथे कामगार पेशींना उभे राहण्यासाठी परातीसारखा आधार बांधून द्यावा. घर बांधताना गवंडी बांबूची परात बांधतात, भिंत उभी राहिली की परात सोडतात. तसे हे जेल. त्यात पेशी सोडाव्यात, किंवा आजूबाजूच्या पेशींना त्यात येण्याचे आमंत्रण मिळेल अशी द्रव्ये घालावीत; त्यांनी आपले धागे विणावेत; आणि वीण पुरी होत जाईल तसतसे जेल विरघळून जावे. यालाच पुनर्निर्माण वैद्यक म्हणतात. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की विणणारे जेल नव्हे. विणतात त्या पेशी. जेल हा केवळ माग आहे. हा भेद मी पुढे पुन्हा उपयोगात आणणार आहे, कारण त्याच्या विस्मरणापायी माणसे पैशाला मुकत आहेत.

घट्ट जेल कापून बसवायचे तर गुडघा उघडावा लागतो. शिवाय झीज काही पट्टीने आखलेली नसते. खड्डा वेडावाकडा असतो, त्यात कापलेला तुकडा नेमका बसणार कसा? म्हणून ते बाहेर असता पातळ आणि आत गेल्यावर घट्ट हवे. ऐकावयास सोपे वाटते. पण जरा विचार करा: फार लवकर घट्ट झाले तर सुईतच अडकणार, फार उशिरा झाले तर सांध्यात इतस्ततः पसरून जाणार. आणि घट्ट होण्यासाठी उकळत्या उष्णतेचा अथवा विषारी रसायनाचा उपयोग करता येत नाही, कारण आत जिवंत पेशी आहेत.

यावर शास्त्रज्ञांनी ज्या युक्त्या काढल्या त्यांतील काही आपल्या स्वयंपाकघरात आधीपासून आहेत. चीक थंड असता दुधासारखा पातळ असतो. वाफेवर ठेवला की त्याचा खरवस होतो. चायनाग्रास याच्या उलट, निवल्यावर घट्ट होते. शरीरासाठी खरवसाची जात हवी, परंतु वाफेवर नव्हे तर सदतीस अंशांवर घट्ट होणारी. अशी काही द्रव्ये सापडली आहेत. कोळंबीच्या टरफलांपासून कायटोसान नावाचे द्रव्य काढतात. त्यात एक विशिष्ट क्षार मिसळला तर ते थंड असता पातळ आणि देहाच्या उष्णतेला जेल होते. दुसरी युक्ती मेंदीच्या कोनाची. कोन दाबला की मेंदी सुरळीत बाहेर येते, आणि हातावर पडताच जागच्या जागी राहते, ओघळत नाही. दाबाखाली वाहणारी आणि दाब सुटताच स्थिरावणारी अशी जेल केली तर ती सुईतून जाऊ शकतात. तिसरी युक्ती प्रकाशाची: खड्ड्यात द्रव ओतावयाचा आणि त्यावर विशिष्ट प्रकाश टाकून तो गोठवावयाचा. दातांचे डॉक्टर निळा दिवा दाखवून दातातील भरण घट्ट करतात ते आपल्यापैकी पुष्कळांनी अनुभवले असेल, तत्त्व तेच.

माणसाच्या उपयोगासाठी मुद्दाम हायड्रोजेल करण्याची सुरुवात प्रागमध्ये झाली. ओटो विक्टरले आणि द्राहोस्लाव लिम या दोघांनी १९६० मध्ये तो निबंध प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी, नाताळच्या सुटीत, विक्टरले यांनी घरच्या टेबलावर मुलाच्या खेळण्यातील लोखंडी पट्ट्या आणि सायकलचा डायनामो जोडून मऊ कॉन्टॅक्ट लेन्स ओतण्याचे यंत्र केले. आज जगात लक्षावधी लोक डोळ्यांत जी मऊ लेन्स घालतात तिचा जन्म असा खेळण्यातून झालेला आहे. मुलांची खेळणी माळ्यावर टाकणाऱ्या मातापित्यांनी हे ऐकून ठेवावे.

आता पुण्याकडे येतो. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे, म्हणजे ज्याला आपण एनसीएल म्हणतो तिचे, उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते ३ जानेवारी १९५० रोजी झाले. तिचे पहिले संचालक जेम्स विल्यम मॅकबेन यांची कीर्ती साबणाच्या द्रावणांच्या आणि जेलांच्या अभ्यासाबद्दल होती. म्हणजे जेलाचे बीज तेथे पहिल्या दिवसापासूनच पडले, असे म्हणण्याचा मोह मला होतो. पण ते कदाचित शिक्षकाचे जुळवाजुळवीचे वेड असेल. खरी परंपरा सुरू झाली ती डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्यापासून. गोव्यातील माशेल या गावी जन्मलेला, मुंबईत अत्यंत हलाखीत वाढलेला हा मुलगा. युनियन हायस्कूलमधील भावे सरांनी उन्हात भिंग धरून कागद जाळून दाखविला आणि त्यातून एकाग्रतेचा धडा दिला, ही आठवण माशेलकरांनी अनेकदा सांगितली आहे. भिंगाची किंमत ती काय! पण सर वर्ग सोडून उन्हात गेले, हे महत्त्वाचे. असो.

१९८० नंतरच्या दशकात माशेलकर आणि त्यांचे सहकारी यांच्या कामातून जलशक्ती नावाचे द्रव्य निघाले. कोरडवाहू शेतात पिकाच्या मुळाशी पाणी धरून ठेवावे हा त्याचा उद्देश. ते पिष्टापासून केलेले होते आणि स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट पाणी शोषीत असे. पिष्टापासून म्हणजे आपल्या खळीचीच ती शिकलीसवरलेली लेक म्हणावयाची. त्यानंतर याच मंडळींचे लक्ष अशा जेलांकडे गेले की जी परिस्थिती ओळखून वागतात: उष्णता वाढली की आकसतात, आंबटपणा बदलला की फुगतात.

या गटात केरळची एक विद्यार्थिनी पीएच. डी. साठी आली. तिचे नाव शायनी वर्गीस. ती, डॉ. आशिष लेले, डॉ. माशेलकर आणि त्यांचे सहकारी यांनी २००१ मध्ये एक विलक्षण निरीक्षण प्रसिद्ध केले. विशिष्ट जेलाचा भरीव तुकडा तांब्याच्या क्षाराच्या विरळ द्रावणात ठेवला असता तो आपोआप पोकळ आकार धारण करीत होता. कोणी कोरले नाही, साचा नाही. पुढे २००६ मध्ये त्यांनी दाखविले की अशा जेलाचे कापलेले दोन तुकडे धातूच्या आयनांच्या सान्निध्यात एकमेकांना जुळतात. जखम भरणारे जेल! आणि २०१२ मध्ये, वर्गीसबाई अमेरिकेत सॅन डिएगो येथील विद्यापीठात प्राध्यापक झाल्यानंतर, लेले आणि माशेलकर यांच्यासह त्यांनी असे जेल प्रसिद्ध केले की ज्याचे दोन तुकडे आम्लयुक्त पाण्यात काही सेकंदांत एकजीव होतात, आणि आम्लता काढून घेतली की पुन्हा वेगळे करता येतात. याचे मर्म असे: जाळ्याच्या मुख्य धाग्यांना लहान लहान फांद्या जोडल्या आणि त्या फांद्यांची लांबी नेमकी राखली. फार आखूड असतील तर समोरच्या फांदीपर्यंत हात पोहोचत नाही. फार लांब आणि तेलकट असतील तर त्या आपसातच गुंतून बसतात. मधली लांबी असली म्हणजे समोरासमोरच्या फांद्या हातात हात घालतात. विणकराला ही गोष्ट वेगळी समजावून सांगणे न लगे. गाठ मारावयास सूत किती सोडावे लागते ते त्याची बोटे जाणतात. जठरात आम्ल असतेच. तेव्हा जठराला पडलेले छिद्र बुजविण्यास हे उपयोगी पडेल, अशी आशा त्या निबंधात व्यक्त केलेली आहे.

आणखी एक धागा पाहा. पुण्याहून निघाल्यावर वर्गीसबाई प्रथम बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जेनिफर एलिसेफ या विदुषींच्या प्रयोगशाळेत गेल्या होत्या. एलिसेफ यांचा विषय गुडघ्याची कूर्चा. त्यांच्या गटाने २०१३ मध्ये जे काम प्रसिद्ध केले त्यात पंधरा रुग्णांच्या कूर्चेतील खड्ड्यात चिकट थर लावून, त्यावर द्रव ओतून, प्रकाशाने त्याचे जेल केले. हाडाला बारीक छिद्रे पाडून खालचे रक्त आणि पेशी वर येऊ दिल्या. केवळ छिद्रे पाडलेल्या तीन रुग्णांशी तुलना केली असता जेल घातलेल्यांचे खड्डे अधिक भरलेले दिसले. पण पंधरा आणि तीन! ही संख्या ध्यानात ठेवा. हा आरंभ झाला, निकाल नव्हे. हृदयविकाराच्या झटक्यानंतर हृदयात सोडावयाच्या एका जेलाचा पहिला मानवी प्रयोग सॅन डिएगोच्या शास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. तोही पंधरा रुग्णांचाच होता आणि त्याचा पहिला हेतू ते सुरक्षित आहे की नाही एवढेच पाहण्याचा होता.

इतका वेळ का लागतो, असे कोणी विचारील. मला जे उत्तर सर्वांत मनोवेधक वाटले ते सांगतो. २००६ मध्ये अमेरिकेतील एंगलर आणि डिशर यांनी सहकाऱ्यांसह असे दाखविले की मूळ पेशींना त्यांच्या खालच्या अंथरुणाचा मऊपणा समजतो. मेंदूइतक्या मऊ जेलावर ठेवल्या तर त्या मज्जापेशींकडे वळतात, स्नायूइतक्या घट्टावर स्नायूंकडे, आणि त्याहून कडक जेलावर हाडाकडे. म्हणजे परातीचा बांबू मऊ की कडक यावर गवंडी देऊळ बांधणार की विहीर, हे ठरते! तेव्हा गुडघ्यासाठी केलेले जेल अंमळ चुकले तर कूर्चेच्या जागी भलतेच ऊतक यावयाचे. शिवाय ते विरघळण्याचा वेग विणण्याच्या वेगाशी जुळला पाहिजे. विरघळून निघणारे तुकडे निरुपद्रवी पाहिजेत. निर्जंतुक करताना ते बिघडता कामा नये, आणि उष्णतेने घट्ट होणारे द्रव्य उष्णतेने निर्जंतुक कसे करावे हा तर मोठाच पेच. शिवाय सुईतून दाबताना पेशी चेंगरता कामा नयेत. एक अट पाळावी तर दुसरी मोडते.

आता आपल्या जिव्हाळ्याच्या वस्तूकडे वळू या, ती म्हणजे रेशीम. येवले-पैठणच्या मागांवर जे रेशीम आपल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या हाताळले ते दोन द्रव्यांचे असते. आतला धागा फायब्रॉइनचा आणि त्यावरील डिंक सेरिसिनचा. रेशीम उकळून मऊ करतात तेव्हा डिंक निघून जातो आणि धागा राहतो, हे आपणास ठाऊकच आहे. पण किड्याच्या पोटात हा धागा नसतो! तेथे असतो तो दाट द्रव. किडा मान हलवीत तोंडातून तो ओढून काढतो आणि त्या ओढण्यानेच द्रवातील रेणू एका रांगेत येऊन, एकमेकांना घट्ट धरून, पाण्यात न विरघळणारा धागा होतो. आत पातळ आणि बाहेर घट्ट. आपल्याला हवे त्याच्या हे बरोबर उलट, पण विद्या तीच. तुतीचा पाला खाणारा हा किडा ती कोट्यवधी वेळा करून बसला आहे.

शास्त्रज्ञ काय करतात, तर डिंक काढलेले रेशीम लिथियम ब्रोमाइड नावाच्या क्षाराच्या तीव्र द्रावणात विरघळवितात, मग बारीक छिद्रांच्या पापुद्र्याच्या पिशवीत भरून ती पाण्यात ठेवतात. क्षार पाण्यात निघून जातो आणि पिशवीत रेशमाचे पाणी उरते. होय, रेशमाचे पाणी. ते काही दिवस नुसते ठेवले तरी त्याचे जेल होते. ध्वनिलहरींचा मारा केला तर फार लवकर होते. अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठातील डेव्हिड कॅप्लान यांच्या गटाने २००८ मध्ये ही ध्वनीची युक्ती वापरून रेशमाच्या जेलात जिवंत पेशी ठेवून दाखविल्या. टाके घालण्यासाठी रेशमाचा धागा शल्यचिकित्सक फार पूर्वीपासून वापरीत आले आहेत. म्हणजे देहाची आणि रेशमाची ओळख जुनीच.

आपल्या एनसीएलमध्ये डॉ. अनुया निसळ या शास्त्रज्ञ स्त्रीने रेशमाच्या या द्रावणाच्या वाहण्याचा आणि गोठण्याचा अभ्यास केला. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये रेशमाच्या सूक्ष्म कणांपासून केलेली सच्छिद्र आधारजाळी प्रसिद्ध केली. तीवर सशांच्या हाडातील पोकळी भरून येण्याचे प्रयोग झाले. तेथील काम व्यवहारात यावे म्हणून सेरिजेन मेडिप्रॉडक्ट्स ही कंपनी निघाली. प्रयोगशाळेच्या आवारात २००७ पासून व्हेंचर सेंटर नावाची संस्था अशा नव्या उद्योगांना आसरा देत आली आहे. मी स्पष्ट सांगतो, हाडाची ही जाळी म्हणजे सुईतून जाणारे जेल नव्हे. ती घट्ट वस्तू आहे. पण द्रव्य एकच आणि शिकावयाचा धडाही एकच. मराठवाड्यात आज तुतीची लागवड होते, जालन्यात कोशांचा बाजार भरतो. त्या कोशांतून पैठणीही निघावी आणि हाडाची ठिगळेही निघावीत, याचा आनंद आपल्याहून अधिक कोणाला व्हावा?

आता थोडे कटू बोलतो, कारण त्याचसाठी मी हा विषय घेतला. माझ्या थोरल्या वहिनींचे गुडघे गेली काही वर्षे दुखतात. शहरातील एका दवाखान्यात (नाव सांगण्याचे प्रयोजन नाही) त्यांना सांगण्यात आले की जेलाचे इंजेक्शन घ्या, कूर्चा नव्याने उगवेल. त्यांनी हातातील पाटल्या मोडल्या. काही महिने जरा बरे वाटले, मग पूर्ववत झाले. पुढे एका जाणत्या डॉक्टरांनी कागद पाहून सांगितले की ते हायलुरॉनिक आम्लाचे इंजेक्शन होते. आता हे द्रव्य खोटे नव्हे. १९३४ मध्ये कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी ते गाईच्या डोळ्यातून प्रथम काढले. आपल्या सांध्यातील वंगणात ते मुळातच असते. इंजेक्शन म्हणजे त्या वंगणात घातलेली भर. काहींना त्याने काही काळ आराम पडतो. पण ते वंगण आहे, माग नव्हे. त्यावर कोणी विणकर बसलेला नाही. त्याने कूर्चा उगवते असे सिद्ध झालेले नाही, आणि अमेरिकेतील अस्थिशल्यचिकित्सकांच्या अकादमीने तर २०२१ च्या मार्गदर्शनात त्याच्या सरसकट वापराची शिफारससुद्धा केलेली नाही. वहिनींची फसवणूक औषधात झाली नाही, शब्दात झाली. जेल हा एकच शब्द वंगणालाही लागतो आणि मागालाही लागतो.

याहून गंभीर प्रकार मूळ पेशींच्या नावाने चालतो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे स्पष्ट आहेत: रक्ताच्या विशिष्ट विकारांसाठी होणारे मान्य प्रत्यारोपण सोडले, तर मूळ पेशींचे उपचार प्रयोगावस्थेत आहेत आणि मान्यता घेतलेल्या प्रयोगातच ते करावयाचे आहेत. प्रयोगात भाग घेणाऱ्याकडून प्रयोगाच्या उपचाराचे पैसे घ्यावयाचे नसतात. तेव्हा ज्याला आपण प्रयोग म्हणतो असे डॉक्टर सांगतात आणि वर लाखाचे बिल देतात, तेथे काहीतरी चुकते आहे असे समजावे. देशातील वैद्यकीय प्रयोगांची नोंदवही, क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री, २००७ पासून आहे. २००९ पासून औषधांच्या प्रयोगांची नोंद तीत सक्तीची झाली. ती सर्वांना विनामूल्य पाहता येते. घरातील नातवंडे दिवसभर मोबाईलवर असतात, त्यांना हे पाच मिनिटांचे काम सांगावे. आणि संमतिपत्रकावर सही करण्यापूर्वी ते मराठीत मागावे. आपल्याला समजणाऱ्या भाषेत ते मिळणे हा आपला हक्क आहे, कोणाची मेहेरबानी नव्हे. मी सारा जन्म मुलांना वाचल्याशिवाय सही करू नका असे शिकविले. आणि त्याच मुलांचे आईबाप रुग्णालयात इंग्रजी कागदावर अंगठ्याच्या वेगाने सह्या करताना मी पाहिले आहेत.

याचा अर्थ प्रयोगांना भ्यावे असा मुळीच नाही. कोणीतरी पंधरांतला एक झाल्याखेरीज सोळाव्याला औषध मिळत नाही. समजून-उमजून, नोंदविलेल्या प्रयोगात, रीतसर संरक्षणासह कोणी भाग घेत असेल तर त्याला घरच्यांनी वेड्यात काढू नये.

कार्यकारी मंडळाला एक विनंती करून पुरे करतो. आपली शिष्यवृत्ती दहावी-बारावीच्या गुणांवर आणि अभियांत्रिकीच्या प्रवेशावर दिली जाते. वर्गीसबाईंच्या कामाचा पहिला निबंध आणि ते सेकंदांत जुळणारे जेल यांच्यात अकरा वर्षांचे अंतर आहे. अशा कामात शिरणाऱ्या मुलामुलींना घरातून पहिला प्रश्न येतो तो पगार केव्हा सुरू होणार हा, आणि मुलगी असेल तर त्याच्या आधी लग्नाचा. निदान एक शिष्यवृत्ती पीएच. डी. करणाऱ्या विद्यार्थ्यासाठी राखून ठेवावी. रक्कम लहान असली तरी चालेल. ज्ञातीने विचारले, एवढ्यानेही घरातील प्रश्न थोडे कमी होतात.

२८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त एनसीएलची दारे सर्वसामान्यांना उघडी असतात. या वेळी आपण कुटुंबांसह जावे असा विचार आहे. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी १५ फेब्रुवारीपर्यंत चिटणीसांकडे नावे द्यावीत. आवार मोठे आहे आणि चालणे बरेच आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी नावासमोर तशी खूण करावी, म्हणजे त्यांच्यासाठी वाहनाची सोय आधी करता येईल.